शिल्लक सागाचे पैसे कसे होतात: रबाळ्यातील एका वखारीच्या चिराईचा अनुभव

नवी मुंबईतील रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका लहान वखारीत गेल्या अडीच वर्षांत मी पाच वेळा लाकूड चिरून आणि रंधा मारून घेतले. चार वेळा समाधानाने परतले, एकदा माझे नुकसान झाले. हौसेखातर सुतारकाम करणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतील माझ्यासारख्या अनेकांकडे गरजेपेक्षा जास्त लाकूड साठलेले असते आणि ते विकून चार पैसे सुटतील का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझे उत्तर असे की पैसे सुटतात, मात्र लाकूड सरळ चिरलेले, खऱ्या मापाचे आणि पुरते सुकलेले असेल तरच. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी ही वखार उत्तम करते आणि तिसरीत कमी पडते. मालकांच्या इच्छेनुसार वखारीचे नाव येथे देत नाही. त्यांच्याकडे पट्टा आरा, म्हणजे फिरत्या दातेरी पट्ट्याने लाकूड चिरणारे यंत्र, एकच आहे आणि ठरलेल्या फर्निचरवाल्यांचे काम वेळेवर पुरे करणेच त्यांना जड जाते. तरीही हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की कोणत्याही वखारीत शिल्लक लाकूड नेताना काय पाहावे, काय विचारावे आणि कशावर पैसे खर्च करावेत हे मला येथेच कळले.

माझे काम ठाण्यात पाचपाखाडीतील आमच्या तळमजल्याच्या घराच्या मागच्या पडवीत चालते. कपाट किंवा पलंग करताना उरलेल्या फळ्या हा माझ्या शिल्लक लाकडाचा सर्वांत लहान भाग आहे. मोठा भाग येतो तो जुन्या इमारतींतून. नौपाडा आणि पाचपाखाडी परिसरात पुनर्विकासासाठी कितीतरी इमारती पाडल्या जात आहेत आणि त्यांतील अनेकांच्या दारांच्या चौकटी सागवानी आहेत. चाळीस-पन्नास वर्षे भिंतीत राहिलेले हे लाकूड आतपर्यंत सुकलेले असते, त्याचे जे वाकायचे-पिळायचे ते बहुधा होऊन गेलेले असते आणि नव्या लाकडाच्या मानाने ते बरेच स्वस्त पडते. अडचण एवढीच की पाडकामाचा ठेकेदार एखादी चौकट सुटी देत नाही. द्यायचा तर सगळा लॉट देतो, तोही लगेच, कारण त्याला जागा मोकळी करायची असते. त्यामुळे देव्हाऱ्यासाठी ज्याला दोन घनफूट लाकूड हवे त्याला अकरा घनफूट उचलावे लागते. उरलेल्या नऊ घनफुटांचे काय करायचे, याचा विचार लॉट उचलण्यापूर्वी केला पाहिजे. पडवीत थप्पी लागल्यावर केला तर उशीर झालेला असतो.

चौकट जशीच्या तशी विकायला काढली तर तिला भंगाराच्या भावाच्या थोडाच वर भाव येतो. तिच्यावर तेलरंगाचे चार-पाच थर असतात, बिजागऱ्यांच्या खाचा असतात, भिंतीत रुतवलेल्या पकडी असतात, आणि हातोड्याने डोके तोडलेले खिळे आत दडून बसलेले असतात. घरच्या चकती करवतीवर असे लाकूड घेणे धोक्याचे आहे, शिवाय तीन इंच जाडीची कडी उभी चिरायची तर त्या यंत्राची ताकदही पुरत नाही. म्हणून वखार. आरागिरणीला वन विभागाचा परवाना लागतो, आणि तो परवाना दर्शनी भागात लावलेला आहे का, हे मी सर्वप्रथम पाहते. येथे तो मालकांच्या टेबलामागच्या भिंतीवर काचेत लावलेला आहे, आणि त्याच टेबलावर कार्बन घातलेले पावतीपुस्तक असते. आणलेल्या प्रत्येक नगाची लांबी, रुंदी आणि जाडी त्यात लिहून एक प्रत आपल्या हाती दिली जाते. मी याआधी ज्या दोन ठिकाणी गेले होते तेथे माप तोंडी सांगितले जाई आणि परत घेताना नग कमी भरले तरी बोलायला आधार नसे. ही पावती मिळाली तेव्हाच या वखारीबद्दल माझे मत चांगले झाले होते.

सर्वांत लक्षात राहिलेले काम दुसऱ्या खेपेचे. सहा चौकटींचा लॉट टेम्पोतून उतरवला तेव्हा मी अभिमानाने सांगितले की खिळे सगळे काढले आहेत. आऱ्यावरच्या मिस्त्रींनी ते ऐकून घेतले, खिशातून दोरीला बांधलेले एक लोहचुंबक काढले आणि पहिल्या खांबाच्या अंगावरून ते सावकाश सरकवत नेले. खालून हातभर अंतरावर चुंबक किंचित ओढले गेले आणि थांबले. तेथे वरून काहीच दिसत नव्हते, हिरवा रंग गुळगुळीत होता. त्यांनी तेथे लाल खडूने फुली मारली, पटाशीने रंग खरवडला, तेव्हा खाली पुटीने बुजवलेले आणि तिच्या आत शाईसारखे काळे पडलेले एक छिद्र निघाले. खिळ्याचे लोखंड आणि सागातील टॅनिन यांच्या संयोगाने लाकूड असे काळवंडते. “ताई, पट्टा तुटला तर नवा आणता येईल, पण उडालेला तुकडा कुणाला लागला तर काय करायचं?” एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या खांबाकडे वळले. सहा चौकटींत त्यांना अकरा खिळे सापडले. त्यांतील आठ आम्ही दोघांनी मिळून पक्कड आणि पोकळ गिरमीट वापरून काढले; उरलेले तीन ज्या भागात होते तो भाग त्यांनी कापून वेगळा ठेवायला सांगितला. या कामाचे वेगळे पैसे लावले गेले नाहीत. मात्र वखारीत भिंतीवर स्पष्ट लिहिलेले आहे की न सांगितलेल्या खिळ्याने पट्टा खराब झाला तर त्याची भरपाई गिऱ्हाइकाने करायची, आणि तो नियम मला रास्त वाटतो.

चिराईच्या वेळी गिऱ्हाइकाला जवळ उभे राहू देतात, फक्त आऱ्याच्या रेषेत उभे राहू देत नाहीत. मिस्त्रींनी आधी चौकटीच्या रंगवलेल्या दोन्ही बाजूंचा पातळ पापुद्रा काढला आणि मग मधल्या भागाचे दोन तुकडे केले. पहिली फळी उघडली तेव्हा सागाचा तो तेलकट, किंचित चामड्यासारखा वास सुटला. ताज्या कापावर हिरवट-शेवाळी छटेच्या रेघा दिसत होत्या आणि माझ्यासोबत आलेल्या भाच्याला वाटले की लाकूड आतून सडले आहे. सागाचा ताजा काप असाच दिसतो. उजेड आणि हवा लागली की काही दिवसांत त्या रेघा मावळतात आणि ओळखीचा सोनेरी तपकिरी रंग येतो. फळ्यांची छायाचित्रे ग्राहकांना पाठवायची असतील तर चिराईनंतर आठवडाभर थांबून काढावीत, हे मी तेव्हापासून पाळते, कारण हिरवट छायाचित्र पाहून दोन ग्राहक माघारी गेले होते.

रंगाचा पापुद्रा आऱ्यावरच काढून घेणे हा या सेवेचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यामुळे १९७०-८० च्या दशकांतील तेलरंगात शिसे आहे असे धरूनच वागावे. असा रंग घरात पॉलिशपेपरने घासला तर त्याची भुकटी अंथरुणापासून मुलांच्या हातांपर्यंत सगळीकडे पोहोचते. आऱ्यावर हा रंग लाकडाच्या पातळ पट्टीसकट निघतो, त्यामुळे घरी तो घासण्याची वेळच येत नाही. चिराईत उडणाऱ्या भुशात मात्र थोडा रंग मिसळतोच, म्हणून जवळ उभे राहताना मी नाकाला चांगला मास्क लावते. या रंगीत पट्ट्या मी कोणालाही चुलीसाठी किंवा होळीसाठी देत नाही. वखारीत मात्र त्या इतर जळाऊ तुकड्यांच्या ढिगात टाकल्या जातात हे मला खटकले आणि मी ते मालकांना सांगितलेही. त्यांनी ऐकून घेतले, पुढच्या खेपेला माझ्या पट्ट्या वेगळ्या गोणीत बांधून दिल्या, पण बाकीच्यांच्या पट्ट्यांचे तेच चालू आहे.

आता मापाविषयी, कारण शिल्लक लाकडात पैसा उरतो की बुडतो हे येथे ठरते. वखारीत लांबी फुटांत आणि रुंदी-जाडी इंचांत घेतात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागतात आणि घनफूट काढतात. इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत. माझ्या चौकटी पाच इंच रुंद आणि तीन इंच जाड होत्या. एका चौकटीत सात फुटांचे दोन खांब आणि साडेतीन फुटांची वरची पट्टी, म्हणजे साडेसतरा फूट लांबी. सहा चौकटींची एकूण लांबी १०५ फूट आणि घनफळ सुमारे ११ घनफूट. तीन इंच जाडीतून सव्वा इंचाच्या दोन फळ्या निघतात, मधल्या चिरेत एक सूत भुसा होऊन जाते आणि उरलेले तीन सूत दोन्ही बाजूंच्या रंगीत पापुद्र्यांत जाते. सव्वा इंचाची फळी रंधा मारल्यावर एक इंच राहते. दार बसण्याची खाच आणि कडा साफ करताना पाच इंच रुंदी सव्वाचार इंचांवर येते. सांध्यांची भोके, बिजागऱ्यांच्या खाचा आणि खिळ्यांचे भाग वगळून १०५ पैकी ९० फूट लांबी कामाची उरली. म्हणजे १८० फूट लांबीच्या, सव्वाचार इंच रुंद, एक इंच जाड फळ्या. त्यांचे घनफळ ५.३ घनफूट. अकरा घनफूट आणले आणि निम्म्याहूनही कमी हाती लागले. यात वखारीने काही लपवले असे मुळीच नाही, कारण मी सर्व तुकडे स्वतः मोजले होते. जुन्या लाकडाचा उताराच असा असतो आणि लॉटचा भाव ठरवताना तो धरला नाही तर नफ्याचे गणित पहिल्याच पायरीवर चुकते.

त्या खेपेचा माझा हिशेब असा होता. लॉटसाठी ठेकेदाराला १५,००० रुपये दिले. टेम्पोचे जाण्यायेण्याचे २,४०० रुपये झाले. चिराई घनफुटाला १२० रुपयांप्रमाणे १,३२० रुपये आणि चारही बाजूंना रंधा मारण्याचे चौरस फुटाला १० रुपयांप्रमाणे १,५७५ रुपये झाले. एकूण २०,२९५ रुपये. म्हणजे तयार फळ्यांचा घनफूट मला सुमारे ३,८०० रुपयांना पडला. दोन घनफूट मी देव्हाऱ्यासाठी ठेवले. उरलेले ३.३ घनफूट घनफुटाला ५,५०० रुपये या दराने तीन हौशी सुतारांना विकले, त्याचे १८,१५० रुपये आले. आखूड तुकड्यांपासून चौरंगांचे पाय, सुऱ्यांच्या मुठींसाठी चौकोनी कांड्या आणि लेथवर पेन करणाऱ्यांसाठी बारीक कांड्या कापल्या, त्यांचे ३,६०० रुपये मिळाले. सगळे मिळून २१,७५० रुपये जमा, म्हणजे हातात रोख १,४५५ रुपये उरले आणि देव्हाऱ्याचे लाकूड फुकट पडले. माझ्या चार रविवारांची मजुरी यात धरलेली नाही. ज्यांना या व्यवहारातून महिन्याचा खर्च चालवायचा आहे त्यांना हा आकडा निराश करील. मला मात्र तो पुरेसा वाटतो, कारण पुढच्या प्रत्येक कामाचे लाकूड याच रीतीने सुटत गेले आणि गेल्या दोन वर्षांत लाकडासाठी घरखर्चातून पैसे काढावे लागलेले नाहीत.

या हिशेबात लक्ष द्यावे असे ठिकाण म्हणजे ते ३,६०० रुपये. घनफुटाच्या दराने पाहिले तर सर्वांत जास्त भाव त्या आखूड तुकड्यांनाच मिळाला, आणि इतर ठिकाणी असे तुकडे वखारीतच राहतात. अनेक वखारींत चिराईनंतरचे काप आणि टोके वखारवाल्याची, असा अलिखित रिवाज असतो. येथे ते विचारून ठरवले जाते आणि पावतीवर “काप परत” असे लिहिले जाते. सहा इंचांचा एकही तुकडा गहाळ झाला नाही, उलट मिस्त्रींनी ते लांबीप्रमाणे लावून सुतळीने बांधून ठेवले होते. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने चौरंग आणि पाट करणारे असे तुकडे शोधत असतात. दीड इंच चौरस आणि नऊ इंच लांब अशा सागाच्या चार कांड्यांचा जुळलेला संच त्यांना तयार मिळाला तर ते भावासाठी फारशी घासाघीस करीत नाहीत, असा माझा सलग दोन वर्षांचा अनुभव आहे.

विकताना लाकडाच्या जातीबद्दल खरे तेवढेच सांगावे, याविषयी मी आग्रही आहे. म्यानमारने, म्हणजे पूर्वीच्या बर्माने, १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली, आणि जुना बर्मा साग म्हटले की ग्राहकाचे डोळे चमकतात. पण माझ्या चौकटी कोणत्या जंगलातून आल्या याचा कोणताही कागद माझ्याकडे नाही आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून ते खात्रीने सांगता येत नाही. म्हणून मी “जुना सागवान, ठाण्यातील इमारतीच्या चौकटीतून काढलेला” एवढेच लिहिते, खिळ्यांच्या काळ्या डागांची जवळून काढलेली छायाचित्रे देते आणि रंधा मारल्यानंतरचे माप सांगते. वखारीच्या मालकांनीही मला एकदा सुचवले होते की बर्मा म्हणून विकलेत तर दीडपट मिळेल. त्यांनी ते सहज, माझ्या भल्यासाठी म्हटले असावे. तरी ज्या माणसाच्या मापावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते त्याच्या तोंडून ही सूचना यावी याचे मला वाईट वाटले, आणि ती मी मानली नाही.

रंधा यंत्राच्या कामाविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की फळीच्या दोन्ही टोकांना तीन-चार इंचांच्या भागात यंत्र किंचित जास्त खोल जाते. बोट फिरवले तर उतार जाणवतो आणि दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या असतील तर टोकाला फट पडते. यावर उपाय म्हणून मी आता प्रत्येक नग लागणाऱ्या लांबीपेक्षा आठ इंच लांब ठेवते, पण चौकटीच्या आखूड लाकडात आठ इंच म्हणजे पुष्कळ झाले. दुसरी तक्रार पात्याची. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर बोथट होते, आणि पात्याला बारीक दात पडला की फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ उठते. चौथ्या खेपेच्या जवळजवळ सर्व फळ्यांवर अशा दोन रेघा होत्या. हातरंध्याने त्या काढायला मला दोन संध्याकाळ लागल्या. ग्राहकाला तयार फळी म्हणून विकायची असेल तर पाती केव्हा लावून घेतली हे काम देतानाच विचारावे आणि शक्य असल्यास धार लावल्याच्या दुसऱ्या दिवशी जावे. सुटे, अर्ध्या इंचापेक्षा पातळ किंवा फूटभराहून आखूड तुकडे ते रंधायला घेत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

माझे नुकसान झाले ते आंब्याच्या लाकडात. माझ्या नणंदेच्या अंगणातील जुना आंबा वादळात पडला आणि त्याचा ओंडका मी मे महिन्याच्या मध्यावर वखारीत नेला. त्याच्या दोन इंच जाडीच्या अकरा फळ्या निघाल्या आणि रेझिनची टेबले करणाऱ्या एका तरुणाने त्यांतील चार फळ्यांसाठी मला २,००० रुपये आगाऊ दिले. ओल्या लाकडाच्या फळ्या आऱ्यावरून उतरताच मधे पट्ट्या घालून, चारही बाजूंनी वारा खेळेल अशा रचून ठेवाव्या लागतात आणि त्यांच्या टोकांना मेण किंवा रंग लावावा लागतो. हे मी सांगितले होते आणि मालकांनी होकारही दिला होता. प्रत्यक्षात आरा मोकळा होईपर्यंत जून उजाडला, फळ्या चिरल्या गेल्या त्याच आठवड्यात पाऊस सुरू झाला, आणि त्या एकावर एक थप्पी लावून प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली अठरा दिवस पडून राहिल्या. मी गेले तेव्हा ताडपत्री उचलताच आंबूस वाफ तोंडावर आली. फळ्यांवर राखाडी-निळे डाग पडले होते आणि सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात भुंग्याची बारीक छिद्रे दिसू लागली होती. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर असेल आणि हवा कोंडली असेल तर अशी बुरशी धरतेच. त्या तरुणाने फळ्या नाकारल्या आणि मी त्याचे पैसे परत केले. मालकांनी चिराईचे १,८०० रुपये घेतले नाहीत आणि चूक सरळ कबूल केली. पण ओल्या लाकडासाठी त्यांच्याकडे मुळात जागाच नाही, हे त्यांनी ओंडका उतरवून घेण्यापूर्वी सांगायला हवे होते.

आपल्या हवेत लाकूड सुकवणे हे खरोखरच कसोटीचे काम आहे. लाकडात किती ओलावा चालतो हे ठरवणाऱ्या भारतीय मानक २८७ मध्ये हवेतील सरासरी आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग केले आहेत आणि आपला किनारा सर्वांत दमट विभागात येतो. २७ अंश तापमानात हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातील ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, आणि पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तोच ओलावा १७-१८ टक्क्यांकडे सरकतो. म्हणून ऑगस्टमध्ये विकलेली फळी मार्चमध्ये आकसते आणि ग्राहक आपल्याला दोष देतो. मी दोन टोकांच्या सुयांचे मॉइश्चर मीटर घेतले आहे. ग्राहकासमोर फळीच्या मध्यावर त्या सुया रोवून आकडा दाखवते आणि तो पावतीवर लिहिते. चौकटीचा साग बहुतेक वेळा १२ ते १४ दाखवतो. हा आकडा दाखवायला लागल्यापासून माझ्याकडील फळ्यांना मागच्या रस्त्यावरच्या दुकानातील अर्धवट सुकलेल्या फळ्यांपेक्षा जास्त भाव मिळतो आणि लोक तो आनंदाने देतात. ताजे लाकूड मात्र इंचाला एक वर्ष या जुन्या हिशेबानेच धरावे.

कागदपत्रांचा कंटाळा करू नये. ठेकेदाराकडून लॉटची पावती, इमारतीच्या पत्त्यासह, घ्यावी आणि टेम्पोत ती वखारीच्या मापपावतीसोबत ठेवावी. अंगणातील झाड पडलेले असले तरी ओंडका हलवण्यापूर्वी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे किंवा वन कार्यालयात चौकशी करावी; शहरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा आणि वृक्षतोडीसाठी १९६४ चा असे दोन राज्य कायदे लागू आहेत. शिसवाचे तुकडे विकत असाल तर ते परदेशी पाठवण्याचा विचार करू नका, कारण शिसवाचा संपूर्ण वंश २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. विक्रीचे उत्पन्न कितीही थोडे असले तरी मी ते वहीत लिहिते आणि विवरणपत्रात दाखवते.

जुन्या, जाड आणि कोरड्या सागासाठी ही वखार मी निःशंकपणे सुचवीन. काम देताना लाकूड सकाळी दहाच्या आत पोहोचवावे, फळीची जाडी सुतांत लिहून द्यावी, “काप परत” पावतीवर लिहून घ्यावे आणि चिराईच्या वेळी स्वतः हजर राहावे. माणूस समोर असला की मिस्त्री प्रत्येक चिरेपूर्वी विचारतात, नसला तर ते आपल्या अंदाजाने चिरतात. ओले लाकूड, पावसाळ्यातील काम आणि तयार गुळगुळीत फळीची अपेक्षा या तिन्ही बाबतींत दुसरी सोय पाहावी. आंब्याच्या त्या अकरा फळ्या आता पडवीत पट्ट्या घालून रचल्या आहेत. त्यांतील सात फळ्यांचे डाग वरवरचे आहेत, हातरंध्याच्या दोन हातांत ते निघतात असे एका टोकावर करून पाहिले. त्या पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात ओलावा मोजून विकायला काढीन. गोखले रस्त्याजवळच्या एका इमारतीच्या चौदा चौकटींचे बोलणे ठेकेदाराशी झाले आहे, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्या मी रबाळ्यालाच नेणार आहे.